कर्जतला, डायलिसिसच्या खोलीत

पाऊस पहाटेपासून झोडपतोय. चौक गावाहून कर्जतला यायला रिक्षाला नेहमीपेक्षा उशीर झालाय, त्यामुळे शेजारच्या काकू घाईघाईतच वजनकाट्यावर चढतात. मागच्या खेपेपेक्षा अडीच किलो जास्त. "पाणी जास्त झालं ना काकू?" टेक्निशियन पोरगा हसत विचारतो. "पावसाळ्यात तहान लागते का कुठे!" काकू म्हणतात. त्यांच्या मागे उभे असलेले काका पोराकडे बघून हळूच मान हलवतात. लागते, लागते.

काकूंच्या किडन्या मधुमेहाने गेल्यात. डाव्या हातावर डायलिसिससाठी केलेला फिस्टुला आहे, फुगलेली शीर मनगटापासून वर वळत गेलेली. पोरगा तिच्यावर बोटं ठेवून थरथर तपासतो आणि दोन जाड सुया घालतो. नळ्या लाल होतात. मग ट्रेमधली काचेची छोटी कुपी उचलतो. 5 मिलिलिटर, 25,000 युनिट. त्यातलं ठरलेलं माप सलाईनमध्ये मिसळून तो सिरिंज भरतो आणि मशीनच्या पंपाला लावतो. दट्ट्या पुढे सरकतोय, पण नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही.

हे हेपॅरिन. रक्त शरीराबाहेर पडून प्लास्टिकला टेकलं की गोठू लागतं, आणि काकूंचं रक्त चार तास याच नळ्यांतून फिरायचंय. हेपॅरिन म्हणजे साखरेच्या कड्यांची लांब साखळी, तिच्यावर जागोजागी गंधकाचे गट. या गटांमुळे तिच्यावर ऋण विद्युतभार इतका, की सजीवांतल्या रेणूंमध्ये तिला तोड नाही. तिच्यातला पाच कड्यांचा एक ठरावीक तुकडा रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनला पकडतो आणि त्याचं गोठण रोखण्याचं काम सुमारे हजारपट वेगाने होऊ लागतं. 1916 मध्ये बाल्टिमोरला जे मॅक्लीन हा विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता. कुत्र्याच्या यकृतात त्याच्या हाती नेमकं उलटं लागलं.

"हे बनवतात कशापासून रे?" काकू विचारतात. गळ्यात तुळशीची माळ. पोरगा माझ्याकडे बघतो. मीच सांगतो, बहुतेक ठिकाणी डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून. काही देशांत गाईबैलांच्या.

काकू गप्प. मग, "आधी का नाही कुणी सांगितलं?" आणि थोड्या वेळाने, "असू दे. चालू दे मशीन."

न विचारता कुणी काही सांगत नाही, ही रीत मला पटत नाही. माळकरी असो, मुसलमान असो, जैन असो, जीव वाचवायला माणूस बहुधा होच म्हणेल. पण हो म्हणायची संधी तरी त्याला द्यावी. औषधाचा उगम लपवण्याजोगा नसतोच, तो सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. 2008 मध्ये चीनमधून आलेल्या हेपॅरिनमध्ये भेसळ निघाली, अमेरिकेत रुग्ण दगावले. मिसळलेला पदार्थ होता जादा गंधक चढवलेलं कॉन्ड्रॉइटिन. साधं कॉन्ड्रॉइटिन गुडघेदुखीच्या गोळ्यांत असतं. भेसळही हेपॅरिनच्याच कुळातली, म्हणून नेहमीच्या चाचण्यांना ती सापडली नव्हती.

काका आता विषय त्यांच्या प्रांतात ओढतात. उभी नोकरी पाताळगंगेला, रिलायन्सच्या पॉलिस्टर धाग्याच्या प्लांटात. 1982 मध्ये ड्यूपॉन्टच्या तंत्रज्ञानावर उभा राहिलेला तो प्लांट. 1989 च्या जुलैत नदी आत घुसली, ते अजून तारखेनिशी सांगतात. त्याच ड्यूपॉन्टच्या डॅक्रॉन या पॉलिस्टरचं कापड ह्यूस्टनच्या दुकानातून आणून मायकेल डिबेकी या सर्जनने 1950 च्या दशकात घरच्या शिवणयंत्रावर रक्तवाहिनीची नळी शिवली होती. हे मी सांगितल्यावर काका खूश.

"मग सुनेच्या सिझरचे आतले टाके गेले कुठे? तो धागाही पॉलिस्टरचाच म्हणतात. आमचा धागा तर वर्षानुवर्षं कुजत नाही."

तोही पॉलिस्टरच, फक्त घडण वेगळी. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्लाच्या कड्यांचा. कडीला कडी जोडणारा एस्टर बंध पाण्याने तुटतो. पाताळगंगेच्या धाग्यात बेंझिनचं कडं त्याला आडोसा देतं, टाक्याच्या धाग्यात आडोसा नाही. पॉलिग्लॅक्टिनचा टाका तीन आठवड्यांत निम्मी ताकद गमावतो आणि साधारण दोन महिन्यांत शरीरात जिरून जातो.

काका मांडीवर थाप मारतात. "अहो, चिप्स सुकवल्याशिवाय वितळवायच्या नाहीत, हेच तर आमच्या डोक्यात भरवलेलं! ओल राहिली की साखळी तुटते, धागा तटतट तुटतो. शिफ्टभर शिव्या!" ज्या दोषापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, तोच दोष सर्जनने मुद्दाम मागून घेतलाय. इतकं सोपं मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

शेवटचा तास. पोरगा सिरिंज पंप बंद करतो. हेपॅरिनचा असर हळूहळू उतरतो, आणि सुया काढताना रक्त थांबायला हवं. चार तास भरतात, सुया निघतात. गॉझची घडी दाबून काकू दहा मिनिटं बसून राहतात. काटा सव्वादोन किलो कमी दाखवतो.

घरी डायलिसिसचा रुग्ण असेल तर डायलिसिसच्या दिवशी दात काढायचा बेत ठेवू नका, आणि एरवीही दाताच्या डॉक्टरांना हेपॅरिन चालू असल्याचं आधी सांगा. फिस्टुलाच्या हातावर बीपीचा पट्टा बांधू देऊ नका. घरी गेल्यावर पट्टीतून रक्त आलंच, तर जागा बोटांनी घट्ट दाबून धरा आणि लगेच सेंटरला फोन करा.