घाट चढायला शिकणे म्हणजे नेमके काय शिकणे?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला सायकलवर बोलायला का बोलावलं, असा प्रश्न तुमच्यातल्या काहींना पडला असेल. संयोजकांना मी स्वतःच हा विषय सुचवला. चाळीस वर्षं वर्गात 'ज्ञान म्हणजे काय' हे शिकवलं, आणि निवृत्तीनंतर घाटात सायकल चढवताना असं वाटू लागलं, की या प्रश्नाचं एक प्रकरण आपण शिकवायचं राहूनच गेलं होतं. तेव्हा आज थोडी सायकल आणि थोडं तत्त्वज्ञान. प्रमाण कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

आधी ब्रेव्हे म्हणजे काय ते सांगतो, कारण अनेकांना ती शर्यत वाटते. ती शर्यत नाही. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ, मधल्या ठिकाणी हजेरी, आणि शेवटी क्रमांक कुणालाही नाही. ही परंपरा फ्रान्समधली. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची शर्यत 1891 मध्ये पहिल्यांदा झाली. 1931 पासून हौशी सायकलस्वारांसाठी तिचं रँडोनूर रूप सुरू झालं. आज ती चार वर्षांनी एकदा होते: सुमारे 1200 किलोमीटर, 90 तास. ब्रिटनी म्हणजे डोंगर नव्हेत, पण सगळा प्रदेश लाटांसारखा वरखाली. एकही चढ मोठा नाही आणि सपाट असं काही नाही. आपल्याकडून, विशेषतः महाराष्ट्रातून, बरेच लोक तिथे जातात. तिथे जायचं तर त्याआधी 200, 300, 400 आणि 600 किलोमीटरच्या ब्रेव्हे वेळेत पुऱ्या कराव्या लागतात. 200 ला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. वाटेत गाडी घेऊन मागे कुणी यायचं नाही, पंक्चर तुमचं तुम्ही काढायचं.

आपण आज फक्त 200 बद्दल बोलू. पुण्याहून कात्रज, शिरवळ, खंबाटकी, सुरूर फाटा, वाई, आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी. हे साधारण शंभर किलोमीटर होतं, म्हणजे जाऊन-येऊन दोनशे. साडेतेरा तासांत दोनशे म्हणजे ताशी 15 किलोमीटरसुद्धा नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण घड्याळ तुम्ही चहाला थांबलात तरी चालूच असतं. थांबण्यात दोन तास गेले, तर चालत्या सायकलचा वेग सतरा-साडेसतरा हवा, आणि त्यात घाट आहेत.

आता पसरणीचा हिशोब करू. वाईपासून पाचगणीपर्यंत अकरा-बारा किलोमीटर, उंची वाढते साधारण साडेपाचशे मीटर. माणूस, सायकल, पाणी, सगळं मिळून 80 किलो धरा. एवढं वजन एवढं उंच उचलायला सुमारे 430 किलोज्यूल काम लागतं. तासाभरात चढायचं तर फक्त गुरुत्वाकर्षणापोटी 120 वॅट. रस्त्याचं आणि हवेचं घर्षण धरून 140 समजा. आपलं शरीर काही फार काटकसरी यंत्र नाही. खाल्लेल्या ऊर्जेतली पाव हिस्सादेखील पायडलपर्यंत पोहोचत नाही, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणून एका पसरणीसाठी शरीर साडेचारशे किलोकॅलरी किंवा थोडं जास्तच खर्च करतं.

यात एक गंमत आहे. सपाटीवर मुख्य शत्रू हवा. हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे तिथे जोर केला तरी वेग फारसा वाढत नाही, निसर्ग आपोआप लगाम घालतो. घाटात शत्रू वजन, आणि तिथे शक्ती साधारण वेगाच्या सरळ प्रमाणात. थोडा जोर केला की लगेच वेग वाढलेला दिसतो. म्हणजे जिथे सर्वात जपून वागायला हवं, नेमकं तिथे घाईला बक्षीस मिळतं. पहिल्या किलोमीटरला पुढच्याला मागे टाकणारे बहुतेक लोक सहाव्या किलोमीटरला दत्तमंदिराची किंवा सावलीची चौकशी करताना दिसतात. (हशा)

गिअरबद्दल एकच सांगतो, कारण महागड्या सायकलींच्या चर्चेचा मला कंटाळा आहे. पुढे 34 दाते, मागे 32, असं असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सव्वादोन मीटर जाते. मिनिटाला 70 फेरे मारले तर ताशी साडेनऊ किलोमीटर. हाच वेग आपल्या जुन्या काळ्या सायकलवर, पुढे 44 आणि मागे 18 दाते धरले तर, मिनिटाला तीसच फेऱ्यांत मिळतो. काम तितकंच, पण दर फेऱ्यात गुडघ्यावर दुपटीहून जास्त ओझं. तरुण गुडघा ते सोसतो. आमच्या वयाच्या गुडघ्याने सोसू नये. तेव्हा पैसे खर्चायचेच असतील तर हलक्या सायकलीपेक्षा हलक्या गिअरवर खर्चा.

आता सराव. आज जो सलग चाळीस किलोमीटर आरामात जातो, त्याला दोनशेसाठी चार महिने पुरतात. आठवड्यात तीन छोट्या फेऱ्या आणि रविवारी एक लांब. लांब फेरी पन्नासवरून साठ, सत्तर, मग मुद्दाम परत पन्नास. मग सत्तर, ऐंशी, नव्वद, परत साठ. असं करत दीडशेपर्यंत. दोनशे आधी करून बघायची गरज नाही. बहुतेक सगळी सायकल इतक्या वेगाने चालवायची की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. या कंटाळवाण्या संथ फेऱ्यांमध्ये स्नायूंच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया वाढतात, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि शरीर चरबी जाळायला शिकतं. आठवड्यातून एकदा मात्र बोपदेव घाट. पाच-सहा मिनिटं नेटाने चढायचं, उतरायचं, पुन्हा चढायचं. आणि महिन्यातून एकदा सिंहगड, तो पसरणीपेक्षा उभा आहे.

अधूनमधून अंतर कमी करण्याचा आठवडा का, हे तरुण विचारतात. कारण सरावाने शरीर फक्त मोडतं, बांधणी विश्रांतीत होते. तिशीत ही बांधणी दोन दिवसांत होते, सत्तरीत चार लागतात. त्यामुळे मी दर तिसरा आठवडा हलका ठेवतो, ते पंचविशीतल्या लोकांनी चौथा ठेवला तरी चालेल.

खाण्याचं लवकर उरकतो. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर जोरदार श्रमाला दोन-अडीच तास पुरते. म्हणून भूक लागण्याआधी, पहिल्या तासापासून, तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं हवीत. एका केळ्यात साधारण पंचवीस. केळी, खजूर, राजगिऱ्याची वडी, उकडलेलं रताळं, यापैकी पोटाला जे मानवतं ते. पाण्यात मीठ आणि साखर. नुसतं पाणी घटाघटा पीत राहणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. मसालेभात आणि मिसळ परतल्यावर.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो.

मायकेल पोलानी हे मूळचे हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ, नंतर तत्त्वज्ञ झाले. त्यांनी 1958 च्या 'पर्सनल नॉलेज' या ग्रंथात सायकलचाच दाखला दिला आहे. सायकलस्वार तोल कसा सांभाळतो? उजवीकडे झुकलं की तो हँडल उजवीकडे वळवतो, त्या वळणामुळे तोल परत येतो. या वळणाचं गणिती सूत्र मांडता येतं. पण ते सूत्र सायकलस्वाराला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असून उपयोगही नसतो. त्याआधी 1949 मध्ये गिल्बर्ट राइल यांनी 'अमुक असं आहे हे जाणणं' आणि 'अमुक कसं करायचं हे जाणणं' यांत फरक केला होता. वर्गात हे दोघे शिकवताना मी सायकलचं उदाहरण देत असे, आणि विद्यार्थ्यांना ते लगेच पटत असे.

पण घाट चढणाऱ्याचं ज्ञान हे तोल सांभाळण्याचं ज्ञान नाही. तोल एकदा आला की आला. घाटात जे कळावं लागतं ते असं: 'आत्ता मी जो जोर लावतोय तो अजून पन्नास मिनिटं लावू शकेन का?' हा भविष्याबद्दलचा निर्णय आहे, आणि पुरावा फक्त आतला: श्वास, मांड्यांतली जळजळ, घाम. आणि हा साक्षीदार सुरुवातीला चक्क खोटी साक्ष देतो. ताज्या पायांनी पहिली दहा मिनिटं चढताना कितीही जोर हलकाच वाटतो. हृदयाची गती आणि श्वास मागाहून वाढत येतात.

गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने श्रम मोजायची एक पट्टी बनवली, 6 ते 20 अशी. कष्ट किती वाटतात ते तुम्हीच आकड्यात सांगायचं. सहापासून सुरू करायचं कारण असं की निरोगी तरुणात त्या आकड्याला दहाने गुणलं की हृदयाचे ठोके अंदाजे मिळतात. साठीनंतर कमाल ठोकेच कमी झालेले असतात, त्यामुळे हा गुणाकार चुकतो, पण पट्टी चुकत नाही. 'कष्ट वाटणं' ही नुसती भावना नाही, ते मापन असू शकतं, हे या माणसाने दाखवून दिलं.

आता हा साक्षीदार विश्वासार्ह कधी मानायचा? आपल्या परंपरेत हा जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात ज्ञान स्वतःप्रमाण असतं, बाधक काही पुढे येईपर्यंत ते खरंच धरायचं. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून ठरतं. पाणी दिसलं, तिथे गेलो, तहान भागली, तर ते ज्ञान खरं. घाटात मी नैयायिकांच्या बाजूचा आहे. सरावाच्या चार महिन्यांत मनगटावर घड्याळ बांधा, ठोके बघा. पण आधी मनात आकडा सांगा, मग घड्याळ बघा. उलट्या क्रमाने केलं तर शिकणं होत नाही. आकडा वाचायची सवय लागते आणि आतला साक्षीदार मुकाच राहतो. कोणत्या जोराने चढलं की वर पोहोचल्यावर पुढची सपाटी चालवता येते, हे दर रविवारी पडताळून बघा. अशा पडताळण्यांतून तुमचं 'वाटणं' हळूहळू प्रमाण होत जातं. सराव म्हणजे पाय घडवणं हे अर्धंच खरं आहे. सराव म्हणजे साक्षीदार घडवणं.

हे मी एवढं जोर देऊन का सांगतोय, त्याला कारण आहे. आमच्या गटात एक गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त, वय 71. नाव सांगत नाही. चार महिने आम्ही बरोबर सराव केला. ब्रेव्हेच्या दिवशी वाईपर्यंत ते माझ्यापुढे होते. पसरणी सुरू होण्याआधी त्यांनी सायकल बाजूला घेतली आणि मला म्हणाले, "सर, तुम्ही व्हा पुढे. हा दम आपला नेहमीचा नाही." छातीत दुखत नव्हतं. वेग नेहमीचाच होता, घड्याळातले ठोकेही फार नव्हते. पण गळ्यापाशी काहीतरी आवळल्यासारखं होतं, आणि शंभर घाटांच्या दमात हे कधी नव्हतं, एवढं त्यांना नेमकं कळत होतं. मी काही पुढे झालो नाही. वाईतच डॉक्टर गाठला, तिथून साताऱ्याला नेलं. एक रक्तवाहिनी बरीच बंद होती. आठवड्याने स्टेंट बसला.

गटातले काही तरुण म्हणाले, या वयात हे करायचंच कशाला. घरच्यांचंही तेच म्हणणं. मला हे म्हणणं उलटं वाटतं. वाहिनी सायकलने बंद केली नव्हती, ती आधीपासून चोंदत होती. सोफ्यावर बसलेल्या माणसाला जिना चढताना दम लागला तर तो 'वय झालं' म्हणतो आणि विसरतो. यांच्याकडे तुलनेला चार महिन्यांचा पुरावा होता. अर्थात, साठी ओलांडलेल्याने सरावाच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्यावीच. आतला साक्षीदार तपासणीच्या जागी उभा करायचा नसतो. या गृहस्थांनी ती केली होती आणि अहवाल ठीक होता, हेही सांगतो, म्हणजे तपासणीवरही आंधळा भरवसा नको.

एक चिठ्ठी आली आहे. एका ताईंनी विचारलंय, "चढायचं कळलं, पण मला उतरायची भीती वाटते. त्याचा सराव कसा करू?" चांगला प्रश्न आहे, आणि चढण्यापेक्षा अपघात उतारावरच जास्त होतात. ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापते आणि हात आखडतात. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक मिळून वेग उतरवा आणि वळणात ब्रेक सोडा. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, म्हणून तो हळूहळू दाबायचा, एकदम नाही. नजर चाकासमोरच्या खड्ड्यावर नको, वळण जिथे संपतं तिथे ठेवा. वळणाच्या आतल्या बाजूला खडी असते, विशेषतः पावसाळ्यानंतर. आणि पसरणी एकदम उतरू नका. आधी बोपदेवचं एकच वळण निवडा, सकाळी सहाला, रहदारी नसताना, दहा वेळा चढा आणि दहा वेळा उतरा. मी सहसा शनिवारी तिथे असतो. बरोबर यायचं असेल तर संयोजकांकडे सांगून ठेवा.