नोकरीनंतर पुन्हा वर्गात : एम.टेक.च्या तीन वाटा आणि त्यांची किंमत

प्रतिनिधी

चाकण किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांत पाच-सहा वर्षे काढलेल्या अनेक अभियंत्यांना एका टप्प्यावर पुन्हा शिकण्याची ओढ लागते. बिघाड दुरुस्त करता येतो. मात्र तो मुळात का होतो, याचे उत्तर हाती नसते. ही रुखरुख त्यांना पदव्युत्तर शिक्षणाकडे वळविते. पूर्णवेळ प्रवेशासाठी मात्र सहसा अनुभवाआधी विचारला जातो तो 'गेट' परीक्षेचा गुणांक.

सात आयआयटी व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आळीपाळीने घेत असलेल्या या परीक्षेस वयाची अट नाही. तीन तासांच्या १०० गुणांच्या या परीक्षेचा गुणांक निकालानंतर तीन वर्षे ग्राह्य असतो. त्यामुळे नोकरी सांभाळून परीक्षा देणे आणि निर्णय सावकाश घेणे शक्य होते. खरी अडचण गणिताची. कामावर सहसा न लागणारी अवकल समीकरणे व रेषीय बीजगणित परीक्षेत आणि पहिल्या सत्रात पुन्हा समोर उभी राहतात. ती उजळणी राजीनाम्याआधीच झालेली बरी.

दुसरा प्रश्न पैशांचा. 'गेट' उत्तीर्ण पूर्णवेळ विद्यार्थ्यास अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची दरमहा १२,४०० रुपयांची शिष्यवृत्ती कमाल २४ महिने मिळते. म्हणजे एकूण २ लाख ९७ हजार ६०० रुपये. घराचा हप्ता किंवा मुलांची शाळा सांभाळणाऱ्यास एवढ्यावर भागविणे कठीण.

दुसरी वाट पुरस्कृत प्रवेशाची. कंपनीने पाठविल्यास वेतन चालू राहू शकते आणि काही संस्था 'गेट'ची अटही शिथिल करतात. मात्र ही शिष्यवृत्ती मिळत नाही व शिक्षणानंतर ठरावीक वर्षे त्याच कंपनीत राहण्याचा करार बहुधा करावा लागतो. तिसरी वाट बिट्स पिलानीसारख्या संस्थांच्या नोकरदारांसाठीच्या अभ्यासक्रमांची. त्यात उत्पन्न तुटत नाही. पण दिवसभर प्रयोगशाळेत राहण्याची आणि प्राध्यापकांच्या संशोधनात सहभागी होण्याची संधी कमी मिळते.

मग अनुभवाचा उपयोग कोठे? तो होतो प्रवेशाच्या मुलाखतीत आणि प्रबंधाचा विषय निवडताना. एखाद्या पंपाचे बेअरिंग मुदतीआधीच वारंवार निकामी होत असेल, तर ते बदलणे हे देखभालीचे काम. वंगणाचा थर, अक्षांची चुकलेली रेषा आणि कंपने यांपैकी दोष नेमका कशाचा, हे सिद्ध करणे हा संशोधनाचा विषय. असा प्रश्न घेऊन येणाऱ्याचा प्रबंध लवकर आकार घेतो. मात्र त्यासाठी कंपनीची आकडेवारी वापरायची असल्यास लेखी परवानगी नोकरी सोडण्यापूर्वीच घ्यावी.

केवळ कामाला कंटाळून नोकरी सोडणाऱ्याला दोन वर्षांनी बहुधा त्याच स्वरूपाच्या नोकरीच्या मुलाखती द्याव्या लागतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर मांडाव्यात : दोन वर्षांचा घरखर्च आणि ज्याचे उत्तर शोधायचे आहे तो प्रश्न. दुसरा रकाना रिकामा राहत असेल, तर अर्ज पुढच्या वर्षावर टाकण्यात काहीच नुकसान नाही.