घड्याळाच्या नावाचा तांदूळ

नागपुरातल्या कुठल्याही किराणा दुकानात ‘एचएमटी द्या’ म्हटलं की दुकानदार तांदूळ तोलायला घेतो. बारीक दाणा, शिजल्यावर मोकळा भात. नाव मात्र घड्याळाचं. एचएमटी या सरकारी कंपनीची मनगटी घड्याळं १९६१ पासून बाजारात येऊ लागली आणि पुढची दोन-तीन दशकं लग्नात जावयाला द्यायचं घड्याळ म्हणजे एचएमटीच. २०१६ मध्ये सरकारनं हा घड्याळांचा व्यवसाय गुंडाळायचं ठरवलं. तांदूळ मात्र विदर्भात, छत्तीसगडात आजही पोत्यांनी विकला जातो, आणि तो शोधणाऱ्या माणसाचं नाव त्या पोत्यांवर सहसा नसतं.

माझं मूळ वेड ओपन सोर्सचं, म्हणजे संगणकातलं. त्याची हकिगत भराभर उरकतो, कारण ती इतरत्र भरपूर लिहिली गेली आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, १९८९ मध्ये ‘जीपीएल’ हा परवाना आणला. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं लिनक्सचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ चं. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सच आहे. झालं.

जीपीएलमधलं एकच कलम मला महत्त्वाचं वाटतं. लोक समजतात की ओपन सोर्स म्हणजे फुकट वाटप. तसं नाही. स्टॉलमननी कॉपीराइट सोडून दिला नाही, उलट तो घट्ट धरून ठेवला आणि त्याच्याच जोरावर अट घातली: हा प्रोग्राम वापरा, बदला, विका, पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला द्याल तेव्हा त्याचा सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ मजकूरही, याच अटीवर द्या. ज्यानं घेतलं त्यानं पुढे कुलूप लावायचं नाही. कुंपण घालू न देणारा कायदा, असं हे उफराटं प्रकरण आहे. ही अट नसेल तर काय होतं, ते मला संगणकाच्या पडद्यावर कळलं नाही. ते कळलं चंद्रपूर जिल्ह्यात.

नागभीड तालुक्यातलं नांदेड. (मराठवाड्यातलं नव्हे; हा खुलासा मला प्रत्येक वेळी करावा लागतो.) दादाजी रामाजी खोब्रागडे इथले. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती जेमतेम दीड एकर. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या बांधीत, ‘पटेल-३’ या वाणाच्या धानात, काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. बहुतेकांनी त्या उरलेल्या धानाबरोबर मळून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या. रानडुकरं धुडगूस घालतात म्हणून त्या एवढ्याशा तुकड्याभोवती काटेरी झुडपं लावली. असं वर्षानुवर्षं चाललं.

इथे थोडं वनस्पतिशास्त्र सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. धान स्वपरागी आहे. एका फुलातला पराग त्याच फुलात पडतो, बाहेरचा क्वचितच येतो. त्यामुळे वेगळं दिसलेलं रोप निवडून काही पिढ्या पेरत राहिलं की वाण स्थिर होतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, नजर लागते आणि चिकाटी. बाजरीत किंवा मक्यात हे इतकं सोपं नाही, तिथे शेजारच्या शेतातला पराग वाऱ्यानं येऊन सगळा घोळ करतो.

दादाजींनी बी शेजाऱ्यांना दिलं, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना. या भागात ही रीतच होती. त्या बाजूला हिंडताना मी एका वयस्क बाईंना विचारलं, बियाण्याचे पैसे का नाही घेतले कुणी? त्या हसल्या. म्हणाल्या, “बी का इकाची चीज हाये जी? आज मी देतो, उद्या माजं बुडलं तं तू देशीन.” यात विम्याचा अख्खा सिद्धांत आहे, पण अट कुठेच नाही.

मग १९९० च्या सुमारास माल बाजारात पोचला. नाव नसलेल्या तांदळाला व्यापाऱ्यानं त्या वेळच्या सर्वांत लोकप्रिय घड्याळाचं नाव देऊन टाकलं. १९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं दादाजींकडून पाच किलो बी प्रयोगासाठी नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ या नावानं वाण प्रसारित झाला. त्या नावात विद्यापीठ आहे, घड्याळ आहे, दादाजी नाहीत. शुद्धीकरणाचं काम विद्यापीठानं केलं हे मान्य. पण मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात दुसऱ्याच्या प्रोग्राममध्ये सुधारणा करणारा मूळ लेखकाचं नाव पुसत नाही. पुसलं तर परवाना मोडला असं धरतात.

दादाजी यातून काय शिकले, ते त्यांच्या पुढच्या वाणांच्या नावांवरून दिसतं. एकूण नऊ वाण त्यांच्या नावावर सांगितले जातात. ‘डीआरके’ ही सरळ त्यांची आद्याक्षरं. मग ‘विजय नांदेड’, ‘नांदेड चिन्नोर’, ‘नांदेड-९२’, ‘नांदेड हिरा’. कागद नसलेल्या माणसानं स्वतःचा आणि गावाचा शिक्का बियाण्याच्या नावातच मारून ठेवला. मला हा भाग त्यांच्या संशोधनाइतकाच बुद्धिमान वाटतो. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं त्यांचा सन्मान केला, ‘फोर्ब्स’च्या यादीत २०१० मध्ये नाव झळकलं. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, अर्धांगवायूच्या आजारात, पैशांच्या ओढाताणीत.

आता उलट टोक बघा. संकरित बियाणं. १९७० मध्ये सुरतच्या कापूस संशोधन केंद्रात सी. टी. पटेल यांनी ‘एच-४’ हा कापसाचा जगातला पहिला व्यापारी संकर दिला. संकराच्या पहिल्या पिढीत जोम असतो. पण त्याचंच बी राखून पेरलं की पुढची पिढी विस्कटते, एक झाड उंच तर एक बुटकं. म्हणून दर वर्षी नवं पाकीट घ्यायचं. ज्या दोन वाणांच्या संकरातून बी तयार होतं ते जनक वाण कंपनीच्या तिजोरीत. सोर्स कोड म्हणतात तो हाच. शेतकऱ्याला मिळतो तो फक्त चालणारा प्रोग्राम, आणि तोही एका हंगामापुरता. संकरित ज्वारी-कापसानं उत्पादन वाढवलं हे मी नाकारत नाही. पण शेतकऱ्याची निवड करण्याची सवय त्यानं मोडली, आणि हे नुकसान कुठल्याही हेक्टरी आकड्यात दिसत नाही.

थोडं विषयांतर. नागभीडहून पूर्वेला गडचिरोली जिल्ह्यात मेंढा (लेखा) आहे. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात अशी पहिली जी गावं होती त्यांतलं हे एक. तिथे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. जंगल सगळ्यांचं आहे म्हणून कुणीही काहीही तोडावं असं नाही, काय तोडायचं आणि किती, याचे नियम गावानंच बसून केले. सामाईक मालमत्ता म्हणजे बेवारशी मालमत्ता, असं मानणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी आयुष्यभर उत्तर दिलं आणि त्याच २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मेंढ्याची माणसं ते उत्तर न वाचताच जगत होती.

मग बियाण्याला असा नियम का नसावा? हा प्रश्न सुचलेला मी पहिला नव्हे. कॅनडातले घेवड्याचे पैदासकार टॉम मायकल्स यांनी १९९९ मध्येच वनस्पतींसाठी जीपीएलसारखा परवाना सुचवला होता. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ‘ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्ह’ उभी राहिली. परवाना लिहायला बसले तर तो पाकिटावर मावेना. शेवटी त्यांनी वकिली भाषा टाकली आणि छोटी प्रतिज्ञा छापली. तिचा आशय असा: हे बी हवं तसं वापरा, मात्र याच्यावर किंवा याच्यापासून केलेल्या वाणांवर पेटंट वगैरे घेऊन इतरांना अडवू नका, आणि पुढे देताना ही प्रतिज्ञाही द्या. एप्रिल २०१४ मध्ये असे पहिले वाण बाहेर पडले. २०१७ मध्ये जर्मनीत ‘सनविवा’ नावाच्या टोमॅटोला तर रीतसर परवाना लावला गेला.

आपल्याकडचा २००१ चा वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा खरं तर जगात उजवा आहे. त्याच्या ३९ व्या कलमानुसार शेतकरी आपलं बी राखू शकतो, पेरू शकतो, देऊ शकतो, ब्रँडचं नाव न लावता विकूही शकतो. तरीही २०१९ मध्ये पेप्सिको कंपनीनं गुजरातच्या काही बटाटा उत्पादकांवर प्रत्येकी एक कोटीहून जास्त भरपाईचा दावा ठोकलाच होता. ओरड झाल्यावर तो मागे घेतला. या कायद्यात शेतकऱ्याला स्वतःचा वाण नोंदवताही येतो. नोंदवला की पिकासाठी १५ वर्षं मालकी. म्हणजे कुलूप शेतकऱ्याच्या हातात, एवढंच. ‘हा वाण सर्वांचा, आणि कायम सर्वांचाच’ अशी नोंद करायला रकाना नाही. माझं भांडण एवढ्या एका रकान्यासाठी आहे.

नागपूरच्या बीजोत्सवात मी पाकिटं उलटून बघत बसतो. वाणाचं नाव असतं, किती दिवसांत येतो ते असतं, अट नसते. वालाच्या बिया घेऊन बसलेल्या एका बाईंना मी ही प्रतिज्ञा समजावून सांगितली. त्यांनी नेमका प्रश्न विचारला, “अन् कोनी नाही मानलं तं?” जीपीएललाही सुरुवातीला हेच विचारत. १९८९ चा तो परवाना बंधनकारक आहे असं म्युनिकच्या न्यायालयानं २००४ मध्ये म्हटलं, मधे पंधरा वर्षं गेली. बियाण्याची प्रतिज्ञा तर मुद्दामच कायद्याच्या भाषेत नाही, ती लाजेवर चालते. हे सगळं मी सांगत असताना बाई बिया निवडत होत्या. मग म्हणाल्या, “पयले माज्या सासूचं नाव लिवा त्याच्यावर. मंग तुमची अट.”