विजेची रोजनिशी

महिनाअखेर विजेचें बिल हातीं पडलें कीं, एकत्र कुटुंबांत त्याचें खापर कोणाच्या माथीं फोडावें हा प्रश्न उभा राहतो. कोणी सुनेच्या वॉशिंग मशीनकडे बोट दाखवितो, कोणी आजोबांच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याकडे. साधा मीटर एकूण बेरीज तेवढी सांगतो. ती केव्हां व कशी झाली हें त्यास सांगतां येत नाहीं. तें काम डेटा लॉगर करतो. ठराविक अंतरानें प्रवाह, दाब व शक्ति टिपून ठेवणारा हा घरचा चित्रगुप्तच होय. दर मिनिटास नोंद घेतली तर एका अहोरात्रींत १४४० नोंदी होतात.

त्या वाचल्या म्हणजे पुष्कळ आरोप निराधार ठरतात. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला तर एक युनिट खर्ची पडतें, आणि तें सर्वांच्या डोळ्यांवर येतें. परंतु दहा वॅट घेणारा सेट-टॉप बॉक्स अहर्निश चालू राहिला तर तीस दिवसांत ७.२ युनिटें कोणाच्याहि नकळत गिळतो. सर्व मंडळी निजल्यावरहि खर्च किती चालतो, हें प्रथम पाहावें.

आतां यंत्राच्या जपणुकीविषयीं. प्रवाह मोजणारा चिमटा एकाच तारेभोंवतीं बसवावा; जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा त्यांत आल्या तर परस्परांचा परिणाम नाहींसा होऊन आंकडा शून्यवत् दिसतो. विजेची पेटी परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच उघडवावी. एक किंवा पांच अँपिअरचा करंट ट्रान्सफॉर्मर असल्यास मुख्य तारेंत प्रवाह असतां त्याचीं दुय्यम टोंकें कधींहि मोकळीं सोडूं नयेत. तेथें प्राणघातक दाब उत्पन्न होऊं शकतो. यंत्रास ओल व ऊन लागूं देऊं नये. त्याचें घड्याळ बरोबर आहे कीं नाहीं हें पाहावें व नोंदींची दुसरी प्रत ठेवावी.

पण यंत्राहून नोंदी अधिक जपावयास हव्यात. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथें जॉर्ज हार्ट यांनीं सहकाऱ्यांसमवेत १९८०च्या दशकांत एक रीत विकसित केली. घराला जाणाऱ्या एकूण विजेच्या मोजणीवरून आंत कोणतें उपकरण केव्हां लागलें, हें तिनें ओळखतां येई. या रीतीनें घरावर पाळतहि ठेवतां येईल, हें हार्ट यांनींच १९८९ सालीं लिहून दाखविलें. घर रिकामें केव्हां असतें, मंडळी निजतात केव्हां, हें सर्व त्या आंकड्यांत असतें. म्हणून तीं परक्याच्या हातीं पडूं देऊं नयेत. पासवर्ड गुप्त ठेवावा.

घरांतहि हाच विवेक हवा. दुपारीं कोणी किती वेळ पंखा लावला याची झडती घेण्यासाठीं हें यंत्र नव्हे. आठवड्यांतून एकदां, रविवारच्या चहाच्या वेळीं, सर्वांनीं एकत्र बसून नोंदी पाहाव्या व काय बंद ठेवावयाचें तें मिळून ठरवावें. एरवीं ती वही मिटलेलीच बरी.