वांदराचा फोटो काढा, खाऊ मात्र देऊ नका

आपल्या तिवसा भागात वांदर म्हटलं की आधी संत्र्याचा बगीचा आणि तुरीचं वावर आठवतं. तिथं आपण त्याला हाकलतो. पण गटाची सहल चिखलदऱ्याला गेली की त्याच वांदरासमोर बिस्किटाचा पुडा धरतो आणि मोबाईल काढतो. आज आम्ही सांगणार आहोत, खाऊ न देता वांदर कसं पाहायचं आणि त्याचा फोटो कसा घ्यायचा.

चिखलदरा, सेमाडोह, कोलकास हा सगळा मेळघाट. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत तो होता. वाघ दिसेलच असं नाही, पण काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वांदरं हमखास दिसतात. वाघाची खबरही तीच देतात. उंच फांदीवरून वाघ किंवा बिबट दिसला की वांदर खाकरल्यासारखं ओरडतं आणि खाली चरणारी चितळं सावध होतात. आफ्रिकेत, केनियातल्या अंबोसेलीत, व्हर्वेट नावाची लहान माकडं आहेत. त्यांचे टेप केलेले आवाज त्यांनाच ऐकवून शास्त्रज्ञांनी १९८० साली दाखवून दिलं, की बिबट्याची हाक ऐकली की ती झाडावर पळतात, गरुडाची ऐकली की वर पाहतात आणि सापाची ऐकली की मागच्या पायांवर उभं राहून गवतात बघतात. म्हणून जंगलात गेल्यावर गप्पा थोड्या कमी करा, बायांनो. अर्धं पाहणं कानानंच होतं.

टोळी नीट बघा. माद्या जन्मभर एकाच टोळीत राहतात, माय, लेकी, बहिणी सगळ्या. नर मोठे झाले की बाहेर पडतात, म्हणजे आपल्या उलट! तान्हं पिल्लू काळपट असतं आणि ते या मादीकडून त्या मादीकडे हातोहात फिरतं. राजस्थानात माउंट अबूला सारा हर्डी या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात या वांदरांचा अभ्यास केला. बाहेरून आलेला हुप्प्या टोळी ताब्यात घेतो तेव्हा तान्ही पिल्लं मारतो, आणि माद्या मिळून त्याला अडवायला बघतात, असं त्यांनी लिहिलं. पिल्लाजवळ कोणी गेलं की टोळी का खवळते, हे यावरून समजावं.

आता फोटो. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर घ्या. भर दुपारी वांदरं सावलीत बसून असतात. सूर्य आपल्या पाठीशी ठेवा. तोंड काळं असल्यानं मागं आभाळ आलं की फोटोत नुसता काळा डाग दिसतो. मोबाईलच्या पडद्यावर त्याच्या तोंडावर बोट टेकवा, मग डोळे उजळ येतात. फ्लॅश बंद ठेवा. जवळ जाऊन एकट्या तोंडाचा फोटो घेण्यापेक्षा झाडावर बसलेली, शेपट्या लोंबणारी सगळी टोळी दुरून घेतलेली आम्हाला जास्त आवडते. त्याच्याकडं पाठ करून सेल्फी नको. त्यानं टक लावून पाहिलं, दात करकरवले किंवा जमिनीवर हात आपटला, तर नजर खाली करून हळूच मागं सरका. पळू नका.

खाऊ का नको? वांदराचं पोट गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं, झाडपाला आंबवून पचवणारं. बिस्कीट, चिवडा त्याला सोसत नाही. शिवाय एकदा हातातून खायची सवय लागली की ते पिशवी ओढतं, लेकरावर धावतं. पोटापाण्यासाठी तिथं टपरी लावणाऱ्या बायांना हे रोजच सोसावं लागतं. आपण तर एका दिवसाचे पाहुणे.

तरीही चावलं किंवा ओरबाडलं, तर हळद-चुना लावत बसू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. रेबीजची लस कुत्र्याच्या चाव्यासारखी इथंही लागते, आणि डॉक्टरांनी सांगितलेले सगळे डोस पूर्ण करायचे असतात.