कऱ्हाकाठची राख आणि डेक्कन कॉलेजची कपाटं

बारामती तालुक्यातल्या मोरगावला चतुर्थीला येणारा भाविक मयूरेश्वराचं दर्शन घेतो, पेढे बांधून घेतो आणि परतीच्या वाटेला लागतो. गावाजवळच्या कऱ्हा नदीच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, हे त्याच्या गावीही नसतं. ही राख इथली नव्हे. दख्खनचा काळा पाषाण ओतणारे उद्रेक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, ते केव्हाच थंड झाले. ही आली सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून, सुमारे ३,००० किलोमीटर वाऱ्यावर स्वार होऊन. तिच्या सोबतीनं सापडतात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी.

राख टोबाच्या नेमक्या कोणत्या उद्रेकाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही जण सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाकडे बोट दाखवतात, तर डेक्कन कॉलेजच्या शीला मिश्रा यांच्यासारखे संशोधक जवळपास आठ लाख वर्षांपूर्वीच्या. फरक थोडाथोडका नाही. पण कोणतंही मत खरं धरलं, तरी बारामती तालुक्यात माणसाचा वावर उसाच्याच काय, शेतीच्याही कितीतरी आधीचा ठरतो.

या सगळ्याचा माग घ्यायचा तर पुण्यात येरवड्याजवळच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात जावं लागतं. आज अभिमत विद्यापीठ असलेल्या या संस्थेत १९३९ साली पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे रुजू झाले. एकानं मातीखालची माणसं शोधली, दुसरीनं मातीवरची. चकचकीत रोषणाई पाहायला सरावलेल्या माणसाचा इथे थोडा हिरमोड होईल. विद्यापीठाचं संग्रहालय आधी अभ्यासासाठी असतं, पाहुण्यांसाठी नंतर. खापराच्या तुकड्यावर बारीक अक्षरांत शाईनं लिहिलेलं असतं: गाव, खड्डा, थर. ती शाई पुसली गेली की त्या खापराची साक्षही गेली, कारण कुठल्या थरातलं हे कळल्याशिवाय त्याचं वय सांगता येत नाही.

इनामगाव हे इथलं सगळ्यात मोलाचं नाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांनी उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं हे खेडं. लोक जव आणि कडधान्यं पिकवत. लाल भांड्यांवर काळी नक्षी काढत. पुराचं पाणी वळवायला त्यांनी बांध घातला आणि पाट काढला होता. नीरा डाव्या कालव्यावर वाढलेल्या बारामतीकराला या पाटाचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची झाकणाची पेटी निघाली. आत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, झाकणावर डोकं असलेली दुसरी, शेजारी बैल. आतल्या मूर्तीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीवरही भोक. काडी घातली की देवी बैलावर स्वार होते. भाजलेली नसल्यानं ही माती पाण्यात विरघळून जायची, पण तीन हजार वर्षं टिकली. लहान मुलं दोन रांजणांची तोंडं जुळवून घरातच पुरलेली. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले, बहुधा मेलेला परत चालत येऊ नये म्हणून. एकाचे मात्र शाबूत: चार पायांच्या फुगीर रांजणात बसवून पुरलेला हा पुरुष गावचा प्रमुख असावा, असा उत्खनन करणाऱ्यांचा तर्क.

हाडं दाखवावीत की नाहीत, यावर जगभर खल चालू आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पिट रिव्हर्स संग्रहालयानं २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढले. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं मानववंशशास्त्र संग्रहालय मस्क्वियम लोकांच्या भूमीवर उभं आहे. आत हैदा आणि इतर लोकांचे उंच कोरीव खांब आहेत. ज्यांच्या वस्तू, त्यांचे वारसदार आसपासच राहतात आणि काय, कसं मांडायचं हे विचारावं लागतं. इनामगावच्या त्या प्रमुखाच्या वतीनं बोलायला कोणी येणार नाही. पण कपाटांबाहेरच्या माणसांचं काय?

कपाटांबाहेर राहिलेल्या या माणसांची उणीव इंदापूर-बारामतीच्या माणसाला ठळक जाणवेल. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी १९८३ साली दाखवलं, की पश्चिम महाराष्ट्रातले फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले एकाच माळावर राहून वेगवेगळी शिकार करत. पारधी फासे लावून हरणं आणि पाखरं धरत, नंदीवाले कुत्र्यांनिशी रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीमागे लागत. एकाच्या ताटात दुसऱ्याचा हात नाही. अशा शहाणपणाला काचेआड मांडायचं म्हटलं तर एक फासा पुरेल, पण फासा कसा लावायचा हे कोण दाखवणार?

पुण्यातलं आदिवासी संग्रहालय अनुसूचित जमातींचं. त्यात पारधी बसतात, धनगर आणि नंदीवाले नाहीत. सरकारी यादी इथे दालनाच्या दारापर्यंत येते, आणि धनगरांना त्या यादीत घ्यावं की नाही, हा वाद बारामतीला नवा नाही. धनगरांच्या ओव्या आणि खंडोबा-बिरोबाची दैवतं यांचा मोठा अभ्यास केला तो हायडलबर्ग विद्यापीठाच्या गुंथर सोंथायमर यांनी, गावोगाव फिरून.

सोंथायमर धनगरांच्या ज्या म्हसकोबा या दैवताविषयी लिहीत राहिले, त्याचं वीर हे गाव शेजारच्या पुरंदर तालुक्यात, नीरेच्या खोऱ्यात. तिथली यात्रा माघ पौर्णिमेला सुरू होते, गुलालात आणि ढोलांच्या गजरात.