एका रथाला दोन धर्मांचे हात

नेपाळची यात्रा आपल्या बेळगाव-निपाणी भागात आता नवलाईची राहिलेली नाही. पशुपतिनाथ, मुक्तिनाथ आणि लुंबिनी ही स्थळे सहा-सात दिवसांत पाहून मंडळी परततात. देवघरातील शाळिग्राम जिच्या पात्रातून येतो ती गंडकी डोळ्यांनी पाहिल्याचे समाधानही मिळते. परंतु देवळे पाहून झाली, तरी ती ज्या दिवशी जागी होतात तो दिवस बहुधा हुकतो. आपण तिकिटे शाळेच्या सुटीवर काढतो आणि तेथील उत्सव तिथीवर चालतात. नेपाळचे खरे वैशिष्ट्य तर या उत्सवांतच आहे. कारण तेथे हिंदू आणि बौद्ध केवळ शेजारी राहत नाहीत, एकाच रथाचा दोर ओढतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे काठमांडूजवळच्या पाटण शहरातील रातो मच्छिंद्रनाथाची यात्रा. मच्छिंद्रनाथ आपल्याला परका नाही. मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव ही गुरुपरंपरा मराठी घरात लहान मुलालाही ठाऊक असते. तेथील बौद्ध याच मूर्तीला करुणामय अवलोकितेश्वर मानतात. कथा अशी, की गोरक्षनाथ नागांना आसनाखाली दाबून ध्यानस्थ बसले आणि बारा वर्षे पाऊस पडला नाही. तेव्हा राजा नरेंद्रदेव, बंधुदत्त नावाचे बौद्ध आचार्य आणि एक शेतकरी असे तिघे कामरूपाहून मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरूला पाहताच शिष्य उठला, नाग सुटले आणि पाऊस कोसळला. राजसत्ता, धर्म आणि शेती यांच्यापैकी एकालाही वगळून देव आला नाही, हे या कथेचे मर्म आहे.

ही यात्रा वैशाखात, पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होते. लाकूड आणि वेत यांनी बांधलेला सुमारे ६० फूट उंचीचा रथ डोलत डोलत गल्ल्यांतून निघतो आणि अनेक आठवडे मुक्काम करीत पुढे सरकतो. जावळाखेल येथे अखेरच्या दिवशी रत्नजडित ‘भोटो’, म्हणजे बंडी, चारही दिशांना उंचावून लोकांना दाखवतात. या बंडीवर दोघांनी हक्क सांगितला होता. पुरावा कोणापाशीच नव्हता, म्हणून ती देवाच्या हवाली झाली, अशी आख्यायिका आहे. पुरावा घेऊन यावे आणि बंडी न्यावी, हे आवाहन दर वर्षी होते. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयाकडे डोळे लावून बसलेल्या सीमाभागाला ही गोष्ट ऐकून हसूही येईल आणि थोडे वाईटही वाटेल!

दुसरा उत्सव इंद्रजात्रेचा. भाद्रपद शुद्ध द्वादशीला काठमांडूच्या जुन्या राजवाड्यासमोर, हनुमान ढोका येथे, उंच लाकडी खांब उभारला जातो आणि आठ दिवसांचा सोहळा सुरू होतो. गणेश, भैरव आणि कुमारी यांचे रथ अनंत चतुर्दशीला निघतात. कुमारी ही बौद्ध शाक्य कुळातून निवडलेली बालिका. तिच्या ठायी हिंदू राजांची कुलदेवता तळेजू वसते अशी श्रद्धा आहे. पृथ्वीनारायण शहाने १७६८ मध्ये काठमांडू जिंकले तेही इंद्रजात्रेतच, आणि त्याने टिळा लावून घेतला तो या कुमारीकडून. २००८ मध्ये राजेशाही संपली, तरी आता राष्ट्राध्यक्ष या सोहळ्याला उपस्थित राहतात. कुमारीच्या बंदिस्त बालपणाविषयी आक्षेप घेतले गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी तिचा शिक्षणाचा हक्क मान्य केला. परंपरा टिकवायची तर तिला प्रश्नही विचारावे लागतात, हेही यातून दिसते.

दशैं म्हणजे आपले नवरात्र आणि दसरा. घटातले धान आपण उगवतो तसाच त्यांचा ‘जमरा’. वडीलधारी माणसे दही-अक्षतांचा लाल टिळा लावून तो डोक्यावर ठेवतात. या दिवसांत पशुबळी दिले जातात, हे हळव्या मनाच्या प्रवाशांनी आधीच जाणून असावे. तिहारात, म्हणजे दिवाळीत, कावळा, कुत्रा, गाय आणि बैल यांची पूजा होऊन शेवटी भाऊबीज येते. वैशाखी पौर्णिमेला स्वयंभू, बौद्धनाथ आणि लुंबिनी येथे दिव्यांची आरास असते. माघ-फाल्गुनाच्या सुमारास तिबेटी पंचांगाचे नववर्ष, लोसार, साजरे होते.

आपल्या भागाचे या देशाशी दोन धागे जुळलेले आहेत. पशुपतिनाथाची मुख्य पूजा परंपरेने कर्नाटकातून गेलेल्या भट्ट पुजाऱ्यांकडे आहे. दुसरा धागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९२५ मध्ये निपाणीच्या परिषदेत बोललेले बाबासाहेब धम्मदीक्षेनंतर, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत ‘बुद्ध आणि कार्ल मार्क्स’ या विषयावर बोलले. त्यानंतर काही दिवसांतच त्यांचे महानिर्वाण झाले.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. तेथील चांद्र महिना पौर्णिमेला संपतो. म्हणून वद्य पक्षात महिन्याचे नाव आपल्यापेक्षा एकाने पुढे असते. आपली माघ वद्य चतुर्दशीची महाशिवरात्र तेथे फाल्गुनात गणली जाते. तिथी आधी पाहावी, तिकीट मागाहून काढावे. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र जवळ असावे.

अनंत चतुर्दशीला घरचे विसर्जन सोडून कसे जायचे, असे पुष्कळांना वाटेल, आणि ते रास्तच आहे. त्यांनी वैशाख गाठावा. मच्छिंद्रनाथाच्या रथाचा दोर ओढणाऱ्यांत हिंदू कोण आणि बौद्ध कोण, हे पाहणाऱ्याला ओळखता येत नाही. मागावर बसणाऱ्या आपल्या खासबागेला हे निराळे सांगावयास नको: उभा धागा आणि आडवा धागा वेगळे दिसतात ते विणण्यापूर्वी; वस्त्र तयार झाले की ते एकच असते.